बातमीची आणि सूचनेची भाषा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणावरही अन्याय न करणारी, म्हणजेच न्याय्य भाषा कशी लिहायची, याबद्दलचे हे प्रश्न बातमीदार, उपसंपादक, ग्रामसेवक, रुग्णालयांचे जनसंपर्क अधिकारी आणि सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते सतत विचारतात. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे मराठी भाषेला, महाराष्ट्रातल्या परिस्थितीला आणि भारतातल्या कायद्याला धरून आहेत. हवा तो प्रश्न थेट वाचावा. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज लागेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. न्याय्य भाषा म्हणजे कोणालाच न दुखावणारी, गुळगुळीत भाषा का?

नाही. बऱ्याचदा ती अधिक रोखठोक असते. ‘अतिप्रसंग’ हा शब्द सोडून ‘बलात्कार’ लिहिणे, किंवा ‘दोन गटांत वाद’ असे न लिहिता कोणी कोणाला कशामुळे मारले ते लिहिणे, ही न्याय्य भाषा. गुळगुळीत शब्दांचा फायदा बहुधा ताकदवानालाच होतो.

माझी कसोटी एकच आहे : जागा बदलून पाहा. जे वाक्य मजुराबद्दल लिहिले, तेच आमदाराबद्दल लिहिले असते का? बाईबद्दल लिहिलेले विशेषण पुरुषाला लावले असते का? परक्या वस्तीबद्दलचा मथळा आपल्या सोसायटीबद्दल चालला असता का? उत्तर ‘नाही’ आले तर वाक्य बदलायचे. पुढची बहुतेक उत्तरे याच कसोटीवर उभी आहेत.

२. एकेक शब्द तपासत बसलो तर पान छपाईला कधी सोडायचे?

बातमीचा सगळा मजकूर सारख्या बारकाईने तपासायची गरज नाही. मथळा, इंट्रो (बातमीचा पहिला परिच्छेद), फोटोओळ आणि मुख्य क्रियापद या चार जागा पाहिल्या तरी बहुतेक चुका सापडतात. मथळ्याला सर्वांत जास्त वेळ द्या. बातमी न उघडताच मथळा पुढे पाठवला जातो, आणि आतल्या सहाव्या परिच्छेदातला खुलासा त्याच्यासोबत जात नाही.

३. बातमीत कोणाला ‘तो’ म्हणायचे आणि कोणाला ‘ते’?

मराठीत हा प्रश्न टाळता येत नाही, कारण आपण सर्वनाम निवडतो तेव्हाच माणसाची पायरी ठरवतो. ‘जिल्हाधिकारी म्हणाले’, पण ‘शेतमजूर म्हणाला’. ‘डॉक्टरांनी तपासले’, पण ‘आयाने उचलले’. एकाच अपघाताच्या बातमीत गाडीचा मालक ‘ते’ असतो आणि चालक ‘तो’. लिहिणाऱ्याच्या मनात अपमान नसतो, पण वाचणाऱ्या चालकाला आपली किंमत कळते.

साधा नियम असा : प्रौढ माणसाला आदरार्थी बहुवचन. व्यवसाय, शिक्षण, पत्ता काहीही असो. मुलांना ‘तो’, ‘ती’ चालते. खेळाच्या पानावर खेळाडूला एकेरी लिहिण्याची जुनी रीत आहे. ती ठेवायची असेल तर पुरुष आणि महिला खेळाडूंना सारखीच लावा.

खरी पंचाईत आरोपींची होते. बहुतेक वृत्तपत्रे आरोपीला एकेरी लिहितात, पण आरोपी माजी मंत्री असला की आपोआप ‘ते’ होते. ही तफावत वाचकाला दिसते. मी सर्व प्रौढ आरोपींना ‘त्यांनी’ लिहिण्याच्या बाजूचा आहे, कारण दोष अजून ठरलेला नसतो (प्रश्न १३ पाहा). तुमच्या वृत्तपत्राची रीत एकेरीची असेल तर मंत्र्यालाही एकेरीच लिहावे लागेल.

पुरुषाला आडनावाने आणि बाईला पहिल्या नावाने संबोधणे ही याच दोषाची दुसरी बाजू. बातमीतले पुरुष ‘पाटील’ असतील तर बाईही ‘जाधव’ असाव्यात, ‘सुनीता’ नव्हे.

४. निधन, मृत्यू, ठार, बळी, खात्मा : कोणता शब्द कुठे?

नामवंतांचे ‘निधन’ होते, सामान्य माणसाचा ‘मृत्यू’ होतो आणि मजूर ‘ठार’ होतात, अशी उतरंड आपल्या पानांवर रुळली आहे. आजाराने किंवा वयाने आलेल्या मरणाला सर्वांसाठी ‘निधन’ किंवा सर्वांसाठी ‘मृत्यू’ लिहा. अपघातासाठी ‘मृत्यू’ पुरेसा आहे.

‘खात्मा’, ‘कंठस्नान’, ‘यमसदनी’ हे शब्द चकमकीच्या बातम्यांत फार येतात. ते लिहिणाऱ्याचा उत्साह सांगतात, घटना सांगत नाहीत. ‘पोलिसांच्या गोळीबारात चौघांचा मृत्यू’ ही माहिती आहे. चकमक खरी होती का, याची चौकशी पुढे होऊ शकते. तेव्हा ‘कंठस्नान’ मागे घेता येत नाही.

‘खड्ड्याने घेतला बळी’ हा आणखी एक आवडता मथळा. खड्डा काही करत नाही. रस्ता कोणत्या यंत्रणेच्या ताब्यात होता आणि तक्रार झाली होती का, हे या मथळ्यामुळे विचारायचेच राहून जाते.

५. ‘महिला सरपंच’, ‘महिला डॉक्टर’, ‘अध्यक्षा’ असे लिहावे का?

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत. सरपंचपदी बाई असणे ही आता नवलाची गोष्ट नाही. ‘महिला’ हा शब्द बातमीचा विषयच तो असेल तेव्हा लिहा, उदाहरणार्थ आरक्षणाची सोडत किंवा पहिल्यांदाच मिळालेले पद.

रूपांबद्दल फार कडक होऊ नये. शिक्षिका, लेखिका, गायिका हे शब्द रुळलेले आहेत. आमदार, तहसीलदार, न्यायाधीश, सरपंच ही पदे जशीच्या तशी ठेवा. ‘तहसीलदार म्हणाल्या’ यात क्रियापदच सगळे सांगते. वेगळे स्त्रीलिंगी रूप घडवण्याची गरज मराठीला क्वचितच पडते.

कर्तबगार बाईच्या बातमीत ‘संसार सांभाळून’ हे शब्द आले की कसोटी लावा. तिच्या पुरुष सहकाऱ्याच्या बातमीत ते आले असते का?

६. अर्ज, जाहिराती आणि सूचना लिंगनिरपेक्ष कशा लिहायच्या? ‘त्याने/तिने’ वाचायला जड जाते.

तिरक्या रेघेची गरजच पडत नाही, कारण मराठी व्याकरणात वाटा आहेत. ‘विद्यार्थ्याने त्याच्या पालकांची सही आणावी’ यातले ‘त्याच्या’ काढून ‘आपल्या’ लिहा. एकवचनाऐवजी अनेकवचन घ्या : ‘पात्र अर्जदारांना पत्र पाठवले जाईल’. सर्वांत सोपे म्हणजे थेट ‘तुम्ही’ म्हणा : ‘तुम्ही अर्ज भरला असेल तर पावती जपून ठेवा’. इथे ‘भरला’ हे रूप अर्जाप्रमाणे चालते, भरणाऱ्याप्रमाणे नाही.

अर्जातले रकानेही भाषाच असतात. ‘पती/वडिलांचे नाव’ हा रकाना बाईची ओळख पुरुषामार्फतच विचारतो. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले आहे. तुमच्या संस्थेचे नमुने अजून जुनेच असतील तर ते बदला.

७. पारलिंगी व्यक्तीबद्दल लिहिताना कोणते शब्द, कोणती सर्वनामे?

ती व्यक्ती स्वतःला जे म्हणते ते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. ‘तृतीयपंथी’ हा शब्द महाराष्ट्रात सर्वाधिक वापरात आहे आणि अनेक जण तो स्वतःसाठी वापरतात. ‘पारलिंगी’ हा त्याहून व्यापक शब्द आहे : जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा जिची लिंगओळख वेगळी आहे अशी कोणतीही व्यक्ती. पारलिंगी पुरुषाला ‘तृतीयपंथी’ म्हटले तर ते चुकीचे ठरू शकते. ‘हिजडा’ ही परंपरा असलेली ओळख आहे, पण बाहेरच्याने शिवीसारखी वापरल्यामुळे जखमी झालेली. त्या समुदायातील व्यक्ती स्वतः तो शब्द वापरत असेल तेव्हाच लिहा.

सर्वनाम विचारायला वेळ मिळाला नसेल तर ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ ही रूपे उपयोगी पडतात. त्यांत लिंग दिसत नाही आणि आदरही राहतो. ‘पूर्वाश्रमीचे नाव’ छापण्याचा मोह टाळा. बातमीला त्याची गरज जवळजवळ कधीच नसते.

८. अपंग, विकलांग की दिव्यांग?

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे २०१६ चा. त्यात २१ प्रकारच्या अक्षमता धरल्या आहेत. ‘दिव्यांग’ हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये सुचवला आणि शासनाने स्वीकारला. महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. पण अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अनेकांनी या शब्दावर आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की अंगात दिव्य काही नाही, अडचण रॅम्प नसलेल्या इमारतीत आहे. मला हा आक्षेप पटतो. तरीही योजनेचे, विभागाचे, प्रमाणपत्राचे नाव अधिकृत आहे तसेच लिहावे लागते. बाकी ठिकाणी ‘अपंग व्यक्ती’ किंवा ‘अपंगत्व असलेली व्यक्ती’ लिहा, आणि बातमी एका माणसाची असेल तर त्यालाच विचारा.

नेमका शब्द नेहमी चांगला. ‘मूकबधिर’ऐवजी ‘कर्णबधिर’ लिहा, कारण ऐकू न येणारे अनेक जण बोलतात आणि खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. ‘मतिमंद’ऐवजी ‘बौद्धिक अक्षमता’ लिहा. ‘महारोगी’ हा शब्द कायमचा सोडा. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो आणि २०१९ च्या कायद्याने तो घटस्फोटाचे कारण म्हणूनही काढून टाकला आहे. ‘सर्वसामान्य मुलांप्रमाणे’ या शब्दांनी अपंग मूल असामान्य ठरते, हेही ध्यानात असू द्या.

‘अपंगत्वावर मात’ हा मथळा लिहिण्यापूर्वी त्या व्यक्तीने नेमके काय केले ते शोधा. परीक्षेत पहिला क्रमांक मिळवला असेल तर मथळा पहिल्या क्रमांकाचा असू द्या.

९. ‘आंधळा कारभार’, ‘बहिरे प्रशासन’, ‘वांझोटी चर्चा’, ‘बांगड्या भरल्यात का’ हे तर वाक्प्रचार आहेत. तेही सोडायचे?

माझे उत्तर : बातमीत आणि अग्रलेखात हो, सोडायचे. साहित्यात पात्राच्या तोंडी ते असतील, तो वेगळा विषय. ‘वांझोटी’ हा शब्द मूल नसलेल्या बाईने आयुष्यभर ऐकलेला असतो. अधिवेशन निष्फळ झाले हे सांगायला तिला दुखवण्याची गरज नाही. निष्फळ, पोकळ, ढिसाळ, बेफिकीर, कानाडोळा करणारे, निर्ढावलेले, निष्क्रिय असे कितीतरी शब्द आहेत, आणि ते अधिक नेमके आहेत. ‘आंधळा कारभार’ म्हणजे निविदा न तपासता दिली की तक्रारी वाचल्या नाहीत? ते लिहिले की टीका जास्त टोचते.

‘आंधळी कोशिंबीर’सारख्या खेळाच्या नावांमागे लागू नये. तिथे कोणाची निंदा नाही.

१०. बातमीत जात लिहायची की नाही?

दोन्ही बाजूंनी चुका होतात. गरज नसताना जात लिहिली जाते आणि गरज असताना लपवली जाते.

चोरी, अपघात, परीक्षेतील यश अशा बातम्यांत जातीचा संबंध नसतो. भारतीय प्रेस परिषदेचे निकषही जातीचा उल्लेख सर्वसाधारणपणे टाळावा असेच सांगतात. पण गुन्ह्याचे कारणच जात असेल तर ‘किरकोळ वादातून मारहाण’ लिहिणे हे खोटे बोलणे आहे. विहिरीवर पाणी भरले म्हणून, वरातीत घोड्यावर बसला म्हणून, जातीबाहेर लग्न केले म्हणून मारले असेल तर तसेच लिहा. आणि मग दोन्ही बाजूंची जात लिहा. ‘दलित तरुणाला मारहाण’ या मथळ्यात मार खाणाऱ्याला जात आहे, मारणाऱ्याला नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल असेल तर आरोपीची जात हाही खटल्याचा भाग असतो.

कोणता शब्द? आरक्षण, कायदा, योजना यांच्या संदर्भात ‘अनुसूचित जाती’. ‘दलित’ ही चळवळीने स्वतः निवडलेली ओळख आहे. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरच्या नावातच ती आहे. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये वाहिन्यांना हा शब्द टाळण्याचा सल्ला दिला होता. मी तो सल्ला बंदी म्हणून वाचत नाही. महाराष्ट्रात १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर अनेक कुटुंबे स्वतःला फक्त ‘बौद्ध’ म्हणवतात. त्यांना ‘नवबौद्ध’ किंवा जुन्या जातीच्या नावाने संबोधू नका. ‘हरिजन’ अजिबात नको. ‘खालची जात’, ‘वरची जात’ हे शब्द उतरंड मान्य करतात. ‘प्रबळ जात’ हा वस्तुस्थिती सांगणारा शब्द आहे.

जातीवरून पडलेली वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. नवे नाव लागू झाले असेल तेथे पत्ता त्याच नावाने लिहा. कंसात जुने नाव देण्याची सवय मोडायला हवी.

११. पोलिसांच्या प्रेसनोटमध्येच ‘पारधी टोळी’ असे लिहिलेले असते. मग आम्ही काय करायचे?

प्रेसनोट ही कच्ची सामग्री आहे, ती जशीच्या तशी लावायची नसते. आरोपींची नावे, वय, गाव आणि कलमे घ्या, समाजाचे नाव गाळा. ‘मराठा टोळी’ किंवा ‘ब्राह्मण टोळी’ असे आपण कधी लिहीत नाही, एवढे आठवले तरी पुरे.

इथे इतिहास मोठा आहे. ब्रिटिशांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी समाजांना जन्मापासून गुन्हेगार ठरवले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला आणि हे समाज ‘विमुक्त’ झाले. कायदा जाऊन ७० वर्षे उलटली तरी मथळ्यांत तो शिल्लक आहे. गावात चोरी झाली की पहिला संशय पालावर जातो, त्यात आपल्या मथळ्यांचाही वाटा आहे. पोलीस अधिकारी पत्रकार परिषदेत समाजाचे नाव घेऊन बोलले आणि तेच बातमीचा विषय झाले, तर मात्र ते अवतरणात, त्यांच्या नावानिशी लिहा.

१२. धर्म आणि प्रांताचे काय?

नियम प्रश्न १० मधलाच : कारण असेल तर लिहा, दोन्ही बाजूंचे लिहा. ‘परप्रांतीय’ या शब्दाबाबत मात्र वेगळे भान ठेवायला हवे. चोरी करणारा ‘परप्रांतीय’ आणि पूल बांधताना मरण पावलेला नुसता ‘कामगार’, असे आपण लिहितो. राज्याचे नाव गरजेचे असेल तर ते लिहा. ‘घुसखोर’, ‘बांगलादेशी’ हे शब्द नागरिकत्वाबद्दलचा दावा आहेत. सक्षम यंत्रणेने तसे ठरवले नसेल तर ‘पोलिसांचा संशय आहे’ एवढेच लिहिता येते.

१३. संशयित, आरोपी, दोषी, गुन्हेगार यांत नेमका फरक काय? ‘निर्दोष’ कधी म्हणायचे?

हे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला आपला शब्द आहे. चौकशीसाठी बोलावले : संशयित. नाव घेऊन गुन्हा दाखल झाला किंवा अटक झाली : आरोपी. न्यायालयाने दोष सिद्ध झाल्याचे जाहीर केले : दोषी. त्याआधी ‘गुन्हेगार’, ‘नराधम’, ‘मास्टरमाइंड’ यांपैकी काहीही लिहायचे नाही.

‘गुन्हा दाखल’ याचा अर्थ गुन्हा घडला असे ठरले, असा अनेक वाचक घेतात. म्हणून कोणाच्या तक्रारीवरून दाखल झाला ते लिहा. दोषारोपपत्र पोलीस सादर करतात, आरोपनिश्चिती न्यायालय करते. दोन्हींना ‘आरोप सिद्ध’ म्हणू नका. खटला सुरू होण्यापूर्वीच पुराव्याअभावी सुटका झाली तर ‘दोषमुक्त’, खटला चालून सुटका झाली तर ‘निर्दोष मुक्तता’. जामीन म्हणजे यांपैकी काहीच नाही. ‘क्लीन चिट’ हा शब्द कायद्यात कुठेच नाही. कोणत्या यंत्रणेने कोणता अहवाल दिला ते सांगा.

उलट दिशेचीही काळजी घ्या. निकाल लागून दोष ठरल्यावरही ‘कथित’ लिहीत राहणे हा पीडितेवर अन्याय आहे.

१४. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत काय लिहायचे, काय अजिबात नाही?

ओळख उघड करायची नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पीडित बालक असेल तर पोक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ तर कायद्याशी संघर्षात आलेल्या बालकाचीही ओळख झाकते. ओळख म्हणजे फक्त नाव नाही. शाळा, इयत्ता, वडिलांचा व्यवसाय आणि गावाचे नाव एकत्र आले की सगळ्या पंचक्रोशीला कळते. आरोपी घरातलाच असेल तर त्याचे नाव आणि नाते छापल्यानेही पीडितेची ओळख पटते. अशा वेळी आरोपीचे नाव गाळणे भाग आहे.

नातेवाइकांनी परवानगी दिली तर? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले की पीडितेचा मृत्यू झाला असला तरी केवळ नातेवाइकांच्या संमतीवर नाव छापता येत नाही.

शब्दांबद्दल : ‘अब्रू लुटली’, ‘शील भ्रष्ट केले’ यांनी बाईचे काहीतरी गेले असे सूचित होते. ‘छेडछाड’ने गुन्हा हलका होतो, पाठलाग केला, अंगाला हात लावला, अश्लील बोलला यांपैकी जे घडले ते लिहा. ‘विनयभंग’ हा शब्द कलमाचे नाव म्हणून येतो, तेवढाच ठेवा. तिचे कपडे, वेळ, मित्र हे तपशील तपासाचा भाग नसतील तर बातमीचाही नाहीत. देहविक्री करणाऱ्या महिलांवरील छाप्याच्या बातम्यांनाही हेच लागू : त्यांची ओळख उघड होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये माध्यमांच्या संदर्भात बजावले आहे. ‘बारबाला’सारखे शब्द आता पुरे झाले.

१५. ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’, ‘चारित्र्याच्या संशयावरून खून’ हे तर कारण आहे ना?

ते आरोपीने सांगितलेले कारण आहे. ते मथळ्यात गेले की वृत्तपत्राचे म्हणणे होते. नकार दिला म्हणून हल्ला झाला असेल तर ‘नकार दिल्याने तरुणीवर हल्ला’ लिहा. यात प्रेम नाही, हे वाचकाला कळते. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ हा मथळा मेलेल्या बाईवरच शिंतोडा ठेवून जातो आणि ती उत्तर द्यायला नसते. ‘पतीकडून पत्नीचा खून’ पुरेसे आहे. संशयाचा उल्लेख आत, ‘पोलिसांच्या माहितीनुसार’ असे म्हणून येऊ शकतो. ‘अनैतिक संबंध’ऐवजी ‘विवाहबाह्य संबंध’. नीती ठरवणे बातमीचे काम नाही आणि व्यभिचार हा गुन्हाही २०१८ पासून राहिलेला नाही.

१६. आत्महत्येची बातमी कशी लिहावी?

शक्यतो आतल्या पानावर, साध्या मथळ्याने, पद्धत न सांगता. गळफास, विषाचे नाव, जागा, चिठ्ठीतला मजकूर हे सगळे वगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या मार्गदर्शनात हेच आहे आणि प्रेस परिषदेने २०१९ मध्ये तशीच तत्त्वे स्वीकारली. कारण स्पष्ट आहे : आधीच खचलेला वाचक पद्धत वाचतो.

‘जीवनयात्रा संपवली’, ‘मृत्यूला कवटाळले’ ही काव्यमय भाषा मरणाला मोठेपण देते. ‘प्रयत्न फसला’ म्हणजे जगणे हे अपयश ठरते, ‘बचावल्या’ लिहा. ‘नापास झाल्याने’, ‘कर्जाला कंटाळून’ असे एकच कारण देऊ नका, कारण बहुधा अनेक गोष्टी साचलेल्या असतात. शेतकरी आत्महत्यांच्या बातमीत पीक, भाव, कर्ज यांची माहिती जरूर द्या, पण एका माणसाच्या मनाचा निवाडा करू नका. शेवटी मदतीचा क्रमांक द्या : टेली-मानस, १४४१६, चोवीस तास, मोफत.

१७. शासकीय सूचना सोपी केली तर ती कायदेशीर राहील का?

राहील. महाराष्ट्राचा राजभाषा कायदा १९६४ चा आहे. त्याने मराठी मागितली आहे, अवघड मराठी नव्हे. ही नेहमीच्या साच्यातली सूचना पाहा :

‘सदर योजनेअंतर्गत लाभ घेऊ इच्छिणाऱ्या पात्र लाभार्थ्यांनी विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह विहित मुदतीत निम्नस्वाक्षरीकार यांचे कार्यालयात सादर करावेत.’

आणि ही तीच, सोपी केलेली :

‘ही मदत हवी असेल तर ३० जूनपर्यंत अर्ज द्या. अर्जाचा नमुना ग्रामपंचायतीत मोफत मिळतो. सोबत रेशनकार्ड आणि आधार कार्डाची प्रत जोडा. अर्ज पंचायत समितीच्या कृषी विभागात सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत घेतले जातात.’

पहिल्या सूचनेत तारीख नाही, कागदपत्रांची नावे नाहीत, कार्यालय कोणते तेही नाही. ‘विहित’, ‘आवश्यक’ आणि ‘निम्नस्वाक्षरीकार’ या शब्दांनी तीनही गोष्टी झाकल्या. अवघड भाषेचा त्रास असा असतो : माणूस तीन खेटे घालतो आणि चौथ्या वेळी मुदत संपलेली असते. ज्याच्या ओळखीचा कोणी कार्यालयात आहे, त्याला मात्र सगळे आधीच ठाऊक असते.

‘लाभार्थी’ या शब्दावरही थांबा. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे, रेशनचे धान्य हा हक्क आहे. ‘लाभार्थ्यांना वाटप’ऐवजी ‘कार्डधारकांना धान्य मिळेल’ असे लिहिले की उपकाराचा सूर जातो.

१८. सूचनेचा फोटो ग्रुपवर टाकला, तरी लोकांपर्यंत पोचत नाही. का?

फोटोतला मजकूर दृष्टिहीन व्यक्तीचा मोबाइल वाचून दाखवू शकत नाही, आणि तो शोधताही येत नाही. फोटोसोबत तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून टाका. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या यंत्रावर निरर्थक अक्षरे होते. तातडीची सूचना असेल तर आवाजातही पाठवा. वाचता न येणाऱ्यांना पुराचा इशारा सर्वांत आधी कळायला हवा.

१९. बोलीत बोललेले वाक्य प्रमाण मराठीत बदलावे का?

अर्थ पोचत असेल तर बदलू नये. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी ही अशुद्ध मराठी नाही. पण इथेही कसोटी लावायची : त्याच बातमीतल्या मंत्र्यांचे वाक्य तुम्ही व्याकरण सुधारून छापले असेल, तर शेतकरी बाईचे वाक्य उच्चारासकट छापल्याने ती अडाणी दिसते. दोघांचे जसेच्या तसे, किंवा दोघांचे प्रमाण भाषेत. अहिराणीसारखी बोली दूरच्या वाचकाला कळणार नसेल तर मूळ वाक्य आणि लगेच त्याचा अर्थ द्या.

२०. भाषणातच शिवी किंवा जातिवाचक शब्द असेल तर तो छापायचा का?

तो शब्दच बातमी असेल, म्हणजे त्यावरून गुन्हा दाखल झाला किंवा राजीनामा मागितला गेला, तर एकदा, आत, अवतरणात छापता येईल. मथळ्यात नको आणि प्रत्येक परिच्छेदात नको. बहुतेक वेळा ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढे पुरते. पीडित व्यक्तीला ‘हा शब्द छापू का’ असे विचारता आले तर विचारा.

२१. व्यक्ती स्वतःसाठी जो शब्द वापरते तो आमच्या शैलीपुस्तिकेत वर्ज्य आहे. कोणाचे ऐकायचे?

त्या व्यक्तीचे, स्वतःपुरते. एखादी बाई ‘मी विधवा आहे आणि तसेच लिहा’ म्हणत असेल तर तसेच लिहा. २०२३ मध्ये विधवांच्या नावापुढे ‘गंगाभागीरथी’ लावण्याचा प्रस्ताव राज्यात पुढे आला तेव्हा अनेक स्त्रियांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा हा होता की नवऱ्याच्या मृत्यूची खूण नावापुढे हवीच कशाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता, तोही याच विचाराने. म्हणून एका व्यक्तीचा शब्द साऱ्या गटाला लावू नका. तिच्याबद्दल लिहिताना तिचा शब्द, गटाबद्दलच्या तुमच्या वाक्यात तुमच्या पुस्तिकेचा शब्द.

२२. पाच वर्षांपूर्वी अटकेची बातमी दिली. आता निर्दोष मुक्तता झाली आणि तो माणूस म्हणतो, जुनी बातमी काढा. काय करावे?

बहुतेक प्रकरणांत बातमी काढू नये, पण तशीच ठेवणेही योग्य नाही. जुन्या बातमीच्या सर्वांत वर, मथळ्याखाली ठळक अक्षरांत निकालाची तारीख आणि निर्दोष मुक्ततेची नोंद घाला, आणि मुक्ततेची स्वतंत्र बातमी द्या. अटकेची बातमी पहिल्या पानावर होती तर मुक्ततेची आतल्या कोपऱ्यात जाऊ नये. मथळ्यात ‘गुन्हेगार’ किंवा ‘नराधम’ असे शब्द तेव्हा वापरले असतील (प्रश्न १३), तर ते दुरुस्त करा आणि दुरुस्ती केल्याचे तिथेच लिहा. अटक झाली तेव्हा ती व्यक्ती अल्पवयीन होती आणि नाव छापले गेले असेल, तर नाव व फोटो ताबडतोब काढावे लागतील. तिथे संपादकाला निवड नाही (प्रश्न १४). निकालाविरुद्ध अपील झाले असेल तर तीही नोंद त्याच जागी द्या, आणि अपिलाचा निकाल लागला की पुन्हा बदला.